दुर्गाबाईंकडे ठेवा

"वैनी, किल्ली ठिवलीया गं!"

हा आवाज आदिनाथच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला आहे. मोशीच्या या शिवारात तेव्हा कांदा पिकायचा. शेजारची बाई रानात निघाली की दारातूनच अशी हाळी घालायची, कोनाड्यात किल्ली टाकायची आणि जोडवी वाजवत पुढं व्हायची. आतून, चुलीच्या धुरातून, आदिनाथच्या आईचा, दुर्गाबाईंचा शब्द यायचा, "बरं." तो ऐकायला उंबऱ्यात कुणी उरलेलं नसायचं. आदिनाथला मात्र त्या एवढ्याशा 'बरं'च्या कुशीत साऱ्या आळीची कुलपं निवांत झोपल्यासारखी वाटायची.

आता कांद्याच्या जागी 'शिवार हाइट्स' उगवलंय. एक ए विंग, एक बी विंग, आणि मधे एक कारंजं, ज्यात पाणी सोडून बाकी सगळं सापडतं. जागा यांची, म्हणून फ्लॅट निवडायचा पहिला मान आदिनाथच्या वडिलांना, तात्याबांना मिळाला. बिल्डरनं वरच्या मजल्यावरून दिसणारा देखावा दाखवला. तात्याबा म्हणाले, "आमी जमिनीवरनं पाय उचलनार न्हाई." म्हणून ए विंगचा तळमजला. रोज सकाळी ते काठी घेऊन पार्किंगमधून फिरतात आणि गाडी लावणाऱ्याला सांगतात, "हितं नगं लावू, हितं पाट व्हता."

आदिनाथ माणच्या आयटी पार्कात नोकरीला. जावा नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिणं हे त्याचं काम. पण ते काम म्हणजे नक्की काय, हे त्याला घरात आजवर पटवून देता आलं नव्हतं. कुणी विचारलं की तात्याबा सांगायचे, "कंपनीत टायपिंगला हाय." हे शब्द कानावर पडले की आदिनाथचा चहा कडू व्हायचा. म्हणूनच सोसायटीच्या सभेत गेटच्या ॲपचा विषय निघाला तेव्हा त्याच्या आतला अपमानित टंकलेखक ताडकन उभा राहिला.

त्याचं असं झालं होतं की सोसायटीनं घेतलेलं तयार ॲप आळसावलं होतं. दूधवाला गेटवर आला की घरमालकाच्या फोनवर आधी दात पांढरे करणाऱ्या दवाखान्याची जाहिरात यायची, मग दूधवाला. तोवर दूध फाटायचं.

"हे तर मी एका रविवारात करून देतो," आदिनाथ म्हणाला.

सभेत उभं राहण्यात तसा धोका काही नसतो. सगळा धोका उभं राहून तोंड उघडण्यात असतो. अध्यक्ष बबनरावांनी टाळी वाजवली. "वा! घरचा मानूस करतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला, राव!" घरचा माणूस म्हणजे ज्याला चहा पाजून भागवता येतं आणि चूक झाली तर लिफ्टमध्ये गाठता येतं असा माणूस. हे आदिनाथच्या पुढं लक्षात आलं.

आता थोडं त्याच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. घाबरायचं कारण नाही. जावात इंटरफेस नावाची एक चीज असते. ती म्हणजे करार. करारात नुसते प्रश्न असतात, उत्तरं नसतात. 'रहिवासी' असं नाव लावायचं असेल तर करारातल्या हरेक प्रश्नाचं उत्तर ज्यानं त्यानं आपल्या घरापुरतं द्यायचं. दूधवाला आला तर काय करू? पाहुणा आला तर काय करू? उत्तर कोणतंही असो, ते असलं पाहिजे. एकाही घराचं एखादं उत्तर राहिलं तर कंपायलर, म्हणजे या भाषेचा तपासनीस, सगळा प्रोग्राम तोंडावर परत फेकतो. अगदी सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा. फरक एवढाच की हा कारण सांगतो.

तेव्हा आदिनाथ दारोदार उत्तरं गोळा करत हिंडला. दुसऱ्या मजल्यावरच्या सुमनताईंनी त्याला पोहे दिले आणि वर उत्तरं दिली.

"दूधवाल्याला सोडा. पण सोडताना सांगा, काल पाणी जरा सढळ झालं होतं."

"ॲप असं बोलत नाही, सुमनताई."

"मग कसलं ॲप रे तुझं? बरं, पाहुण्याचं लिही. माझ्या माहेरचा असेल तर सोडा. यांच्याकडचा असेल तर मी झोपलेय."

आदिनाथनं हेही लिहिलं. ज्याचं घर त्याचं उत्तर, हीच तर त्या कराराची गंमत. ॲप सुरू झालं. टॅब घेऊन गेटवर बसणारा वॉचमन गणराज, मूळचा लातूरकडचा, पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, ह्यो गडी लई गुणाचा निघाला. विचारलं की सांगायलाय." आदिनाथनं हौसेनं गेटचा आडवा दांडाही त्या टॅबला जोडून टाकला, उत्तर आलं की दांडा आपोआप वर. तात्याबांनी ते बघितलं आणि पाहुण्यांत सांगताना शब्द बदलला, "टायपिंग बरं करतो पोरगं."

इथं ही गोष्ट संपली असती तर ती सांगण्यात काही राम नव्हता.

कमिटीची बैठक झाली. ठराव असा: घरी कुणी नसताना पार्सल आलं तर काय, हा प्रश्न करारात वाढवावा. आदिनाथनं रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, करारात ती एक ओळ घातली, आणि पडदा लालभडक झाला. बरोबरच होतं. करार बदलला की सगळे रहिवासी एका झटक्यात करार मोडणारे ठरले. या नव्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नव्हतं. आता पुन्हा दारोदार जायचं, पुन्हा पोहे खायचे?

याच अडचणीसाठी जावावाल्यांनी एक युक्ती करून ठेवली आहे. तिला डिफॉल्ट मेथड म्हणतात. प्रश्नाबरोबर करारातच एक तयार उत्तर लिहून ठेवायचं. ज्याला स्वतःचं उत्तर द्यायचंय त्यानं खुशाल द्यावं. जो काहीच बोलणार नाही त्याच्या वतीनं ते तयार उत्तर लागू. गप्प राहणाऱ्यांची सोय. पण तयार उत्तर काय लिहायचं, यावर आदिनाथ गाल खाजवत बसला.

इतक्यात दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरची श्रद्धा ऑफिसला निघाली होती. रविवारीही जावं लागतं बिचारीला. "काकू, किल्ली ठेवते हं!" आणि लिफ्टसारखी गेलीसुद्धा.

मेथी निवडता निवडता दुर्गाबाई म्हणाल्या, "बरं."

आदिनाथच्या डोक्यात लख्ख उजाडलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं उत्तर समोर मेथी निवडत बसलंय, आणि आपण शोधतोय कुठं! त्यानं लिहिलं: दुर्गाबाईंकडे ठेवा. लाल पडदा मेथीच्या वाफ्यासारखा हिरवागार झाला. त्याला वाटलं, असं सुंदर काम आपल्या हातून कंपनीत कधी झालं नाही.

बायको रोहिणी चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला. माल पास करायचा की परत पाठवायचा हे ठरवण्यात तिचा दिवस जातो, आणि ती सवय घरी आल्यावर सुटत नाही. नाइट संपवून आली होती, चपलाही काढल्या नव्हत्या. तिनं पडद्यावर नजर टाकली.

"आईंना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? आई कधी नाही म्हणते का?"

"म्हणूनच म्हणते, विचारलंत का."

"काय लिवलंस रं माज्या नावानं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"काही नाही गं आई. जे आत्ता चालतंय तेच."

दुर्गाबाईंनी हातातली काडी उन्हाकडं धरून बघितली, जणू तिच्यावर काहीतरी लिहिलं होतं. ओठ जरासे उघडले. मग काडी ताटात पडली. "बरं," त्या म्हणाल्या.

आईला सोपं जावं म्हणून आदिनाथनं तिच्या फोनवर भलंमोठं हिरवं बटण दिलं. वस्तू येतेय असा फोन आला की ते दाबायचं. बटणावर लिहिलं होतं 'बरं'. दुसरं बटणच नव्हतं. "गोंधळ नको," तो रोहिणीला अभिमानानं म्हणाला. रोहिणीनं त्याच्याकडं असं बघितलं जसं ती कारखान्यात तडा गेलेल्या पार्टकडं बघते.

त्या दिवसांत दुर्गाबाईंच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. त्यांचं माहेर तळेगावच्या पुढं, आंदर मावळाच्या तोंडाशी. तिथली जत्रा जवळ आली होती. भाऊ चिमाजीची बैलजोडी यंदा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, धावणार होती. पोरं कारखान्यात असल्यामुळं बैलांची नावं टर्बो आणि पिस्टन. दर वर्षी चिमाजीचा सांगावा यायचा, आणि दर वर्षी काहीतरी निघायचं: कुणाची किल्ली, कुणाचं दुखणं, तात्याबांचा खोकला. कित्येक जत्रा अशा दारातूनच परत गेल्या. यंदा मात्र दुर्गाबाईंनी मोरपिशी लुगड्याची घडी पिशवीत घालून पिशवी दारामागं टांगली होती. येता-जाता तिला हात लावायच्या आणि घसा बसल्यासारखं गुणगुणायच्या:

माह्याराच्या वाटं पाय आदीच चालती,
चपला माज्या बाई दारामंदी ऱ्हाती.

पण चपला दारात राहतील अशीच लक्षणं होती. कारण आता पार्सलं यायला लागली.

पूर्वी लोक ओळखीपाळखीनं, जरा संकोचून किल्ली ठेवायचे. आता संकोच ॲपनं उरकून टाकला होता. घरात असूनही लोक फोन उचलीनात; पार्सल खाली दुर्गाबाईंकडं सुखरूप जातंय म्हटल्यावर अंघोळ कशाला अर्धी सोडायची? पहिल्या आठवड्यात हॉलमध्ये खोक्यांचा डोंगर झाला. मग कुणाचं तरी ट्रेडमिल आलं. ते उभं राहिलं आणि तात्याबांनी त्यावर धोतर वाळत घातलं. कमिटीला हे इतकं आवडलं की पुढच्या बैठकीत करारात आणखी प्रश्न घातले: पाहुणा आला आणि घर बंद असेल तर? मूल शाळेच्या बसमधून उतरलं आणि आई वाटेत अडकली असेल तर? आदिनाथनं प्रत्येकापुढं 'वरीलप्रमाणे' लिहून दिलं.

त्याचा परिणाम म्हणून एका दुपारी गणराज एका ठसठशीत कुंकवाच्या बाईंना हाताला धरून दारात उभा. "काकू, ह्या पाचव्या मजल्यावरच्या साहेबांच्या सासूबाई, बार्शीहून आल्यात. घर बंद हाय. टॅब म्हणायलाय, तुमच्याकडं ठेवा."

"ठेवा म्हंजी?" सासूबाई कडाडल्या.

"बरं," दुर्गाबाई म्हणाल्या आणि पाट सरकवला.

संध्याकाळी जावई न्यायला आला तेव्हा सासूबाई ट्रेडमिलला टेकून तात्याबांशी बार्शीच्या ज्वारीबद्दल वाद घालत होत्या. "मी हितंच बरी हाय," त्या म्हणाल्या. जावयानं काही फार आग्रह केला नाही. त्या खरोखर मुक्कामाला राहिल्या, आणि दुर्गाबाईंनी त्यांना गोधडी काढून दिली.

इकडं बी विंग पेटून उठली. त्यांना वाटलं, ए विंगच्या बाईकडं आमच्या वस्तू का? आमच्या विंगला काही इभ्रत आहे की नाही? रीतसर पत्र आलं. आदिनाथनं कराराचे दोन करार केले. ए विंगचं तयार उत्तर 'दुर्गाबाईंकडे ठेवा', बी विंगचं 'गेटवरच ठेवा'. इभ्रत राहिली, पण प्रोग्राम मटकन खाली बसला.

का बसला? तर अध्यक्ष बबनराव. या गृहस्थांनी ए विंगचा शेवटचा आणि बी विंगचा पहिला फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडली होती. ते दोन्हीकडचे. दोन करारांवर त्यांची सही, आणि एकाच प्रश्नाची दोन तयार उत्तरं दोन्ही बाजूंनी त्यांच्या अंगावर. अशा वेळी जावाचा तपासनीस मधे पडत नाही. तो हात जोडून म्हणतो, दोन्हीकडून वेगवेगळं सांगितलंय. आता या माणसालाच विचारा, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी पुढं जाणार नाही.

आणि बबनरावांच्या तोंडून काही ऐकणं ही सोपी गोष्ट नव्हती. नगरसेवकपदाची इच्छा त्यांच्या पोटात बरीच वर्षं होती. त्यामुळं कुणालाही 'हो' किंवा 'नाही' म्हणायची सवय त्यांनी मुद्दाम मोडून टाकली होती.

"काका, तुमचं पार्सल आलं तर कुठं ठेवायचं, एवढंच सांगा."

"बघू."

"बघू असं उत्तर लिहिता येत नाही हो. कंपायलर घेत नाही."

"कोण हा कंपायलर? आपल्या वॉर्डातला हाय का? भेट घालून दे, मी बोलतो त्याच्याशी."

"तो संगणकात असतो, काका."

"मग तर त्याला घाई नसंल. हे बघ आदिनाथभाऊ, ए विंगचा मान ठेवला पाहिजे, बी विंगचाही ठेवला पाहिजे. एक उपसमिती नेमू."

सबंध सोसायटीचं ॲप बबनरावांच्या एका वाक्यासाठी ताटकळलं. गणराज पुन्हा जुनी वही आणि शिट्टी घेऊन बसला. सुमनताई आदिनाथला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुझ्या रविवाराला महिना झाला रे." अखेर कुरिअरवाल्यानं बबनरावांच्या नावचा काजूकतलीचा डबा परत नेला, तेव्हा अध्यक्षांच्या काळजाला पीळ पडला आणि उत्तर बाहेर आलं: "खायची वस्तू असंल तर थेट माझ्याकडं. बाकी दुर्गावैनींकडं."

हे ऐकून रोहिणी भाकरी थापता थापता म्हणाली, "अडलं तेव्हा बबनकाकांना विचारलं. त्यांच्यासाठी तुमचा तो कंपायलर अडून बसला. आईंसाठी कोण अडून बसणार?"

"तू पण ना! आईचं काही अडलंय का?"

रोहिणीनं भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली.

आणि जत्रेचा दिवस उजाडला. दुर्गाबाईंनी मोरपिशी लुगडं नेसलं. बार्शीच्या सासूबाईंनी त्यांची पाठ थोपटली. "जा गं बाई. मी हाय घर बघायला." आदिनाथनंही छाती काढून सांगितलं, "निवांत जा आई. मुक्काम कर. कशाचीच काळजी करू नकोस, ॲप आहे ना आता."

दुर्गाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. "बरं," म्हणाल्या, पिशवी उचलली आणि मोशीच्या चौकाकडं चालायला लागल्या. पाठमोऱ्या त्या जरा वेगळ्याच दिसल्या. चाल वाढली होती.

आदिनाथ मग अंघोळीला गेला. डोक्याला साबण लागला आणि बाहेर भोंगे वाजायला लागले. एक, मग दुसरा, मग वरातीत वाजावेत तसे. टॉवेलातच तो खिडकीशी आला. गेटचा दांडा आडवा पडलेला. दांड्यामागं झुंबराचं खोकं घेतलेला कुरिअरवाला, त्याच्यामागं पाण्याचा टँकर, त्याच्यामागं शाळेची बस आणि शेवटी बबनरावांची गाडी, जिच्या काचेवर त्यांचा स्वतःचाच हसरा फोटो होता. आत ते स्वतः हसत नव्हते.

"साहेब, लवकर या!" गणराज ओरडला. "ह्याला काय झालंय कळंना गेलंय! एकच नाव घ्यायलाय!"

टॅब खरोखरच बोलत होता. 'दुर्गाबाईंना विचारत आहे. उत्तर नाही. दुर्गाबाईंना विचारत आहे. उत्तर नाही. दुर्गाबाईंना विचारत आहे.'

आदिनाथ कपडे चढवून पळत आला आणि दोन मिनिटांत सगळं त्याच्या ध्यानात आलं. ध्यानात आलं नसतं तर बरं, असं त्याला वाटलं. झुंबर श्रद्धाचं. श्रद्धा घरी नाही, म्हणून तयार उत्तर लागू: दुर्गाबाईंकडे ठेवा. दुर्गाबाईंचा फोन बंद. म्हणजे दुर्गाबाई घरी नाहीत. आता दुर्गाबाईसुद्धा रहिवासीच की! त्यांनी तरी या प्रश्नाला स्वतःचं उत्तर कुठं दिलं होतं? मग त्यांनाही तेच तयार उत्तर लागू: दुर्गाबाईंकडे ठेवा. पण दुर्गाबाईंचा फोन बंद. मग? दुर्गाबाईंकडे ठेवा. कुत्र्यानं शेपटीमागं लागावं तसा प्रोग्राम स्वतःभोवती फिरत होता, आणि दांडा उत्तराची वाट बघत आडवा पडला होता.

साऱ्या सोसायटीत कुणी घरी नसलं तर काय, हे लिहून ठेवलं होतं. आई घरी नसली तर काय, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ज्यानं लिहिलं त्याच्याही नाही.

"हितं माजा बैल बी कदी असा अडला न्हाई," तात्याबा काठी टेकवत म्हणाले. "टायपिंगमंदी कायतरी चुकलंय."

सुमनताई गॅलरीतून वाकल्या. "अरे, बंद करून चालू कर! माझा मिक्सर तसाच होतो!"

"मावळात डोंगराआड रेंज नसते," बबनराव गाडीतून म्हणाले. "फोन लागणारच नाही. उपसमिती—"

"बॅटरी उतरली असंल," बार्शीच्या सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वयाला फोन आन् गुडघे दोन्ही लवकर उतरत्यात."

शेवटी टँकरवाल्यानं खाली उतरून, एकही शब्द न बोलता, दांडा हातानं उचलला आणि दोरीनं विजेच्या खांबाला बांधला. आदिनाथच्या साऱ्या विद्येचं ते सुतळीत बांधलेलं गाठोडं वाऱ्यावर हलत राहिलं. लोक आत गेले. जाताना प्रत्येकानं त्याच्याकडं एकेक सहानुभूतीचा कटाक्ष टाकला. शिव्या परवडल्या असत्या.

त्यानं पारावर बसावं तसं गेटच्या कठड्यावर बसून लॅपटॉप उघडला. "एक ओळ आहे," तो रोहिणीला म्हणाला. "आईच्या घराला तिचं स्वतःचं उत्तर लिहिलं की फिरणं थांबतं. लिहितो, 'सुमनताईंकडे ठेवा'. झालं."

रोहिणीनं लॅपटॉपचं झाकण मिटलं. मोठ्यानं नाही, पण मिटलं.

"कुणाचं उत्तर आहे ते?"

"आईचं."

"मग आईंना विचारून लिहा. आत्ता तरी."

"तिचा फोन लागत नाहीये!"

"तळेगाव काय विलायतेत आहे? गाडी काढा."

आदिनाथनं दुचाकी काढली. चाकण चौकातल्या कंटेनरांच्या गर्दीतून वाट काढत, तळेगाव ओलांडून, डोंगरांच्या कुशीत शिरेपर्यंत तो मनात सोसायटीला उत्तरं देत होता. हळूहळू उत्तरं संपली. रस्त्याकडेला आंब्यांची सावली लागली, वारा अंगावरून मायेनं हात फिरवून गेला, आणि त्याला एक साधी गोष्ट आठवेना: आपण आईला याआधी एखादा प्रश्न विचारला होता तो कधी?

घाटावर जत्रा फुलली होती. भंडाऱ्याचा पिवळा ढग, ढोल-ताशे, लाउडस्पीकरवर बैलांची नावं. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. आई बायकांच्या घोळक्यात, सावलीला, कुणाची तरी लेकरं सांभाळत बसलेली असेल असं त्यानं धरलं होतं. तशी ती कुठं दिसली नाही.

ती दिसली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. मोरपिशी पदर कमरेला खोचलेला, कपाळावर भंडारा, एक हात हवेत.

"पळ रं माज्या टर्बो! दाबून! पिस्टन्या, मागं नगं बगू, पळ!"

हा आवाज आदिनाथनं आयुष्यात ऐकला नव्हता. आईच्या गळ्यात इतका आवाज आहे हेच त्याला माहीत नव्हतं. बैल धुरळा उडवत वाऱ्यासारखे गेले, लाउडस्पीकर किंचाळला, चिमाजीमामानं टोपी आभाळात भिरकावली. दुर्गाबाई ट्रॉलीवर नाचायच्याच बाकी राहिल्या.

आदिनाथ धडपडत ट्रॉलीवर चढला. "आई!"

त्या वळल्या. क्षणभर चेहरा एकदम जुना झाला, घरातला. "का रं? काय झालं? तुजा बा बरा हाय न्हवं?"

"सगळे बरे आहेत. गेट अडकलं होतं. तुला किती फोन लावले! इथं रेंज नाही का?"

दुर्गाबाईंनी धावपट्टीकडं बघितलं. "पुडची जोडी सुटंल आता."

"आई, बॅटरी संपली का?"

"चिमाजीची बारी लई झ्याक झाली. तू बगितलीस का?"

"बघितली. हे बघ, मला एक ओळ लिहायचीये. तुझ्या घरचं उत्तर. तू घरी नसलीस आणि वस्तू आली तर काय करायचं? सुमनताईंकडे ठेवू म्हणतो मी. चालेल ना?"

आदिनाथनं सवयीनं फोनवर बोट नेलं. 'बरं' येईलच, मग लिहू. ते आलं नाही. त्यानं मान वर केली. आई त्याच्याकडंच बघत होती, आणि त्याच्या कानात रोहिणीच्या तव्यावरची भाकरी वाजली. त्यानं फोन खिशात घातला.

"मी चुकलो. चालेल का असं नाही विचारत," तो हळूच म्हणाला. "काय लिहू, ते तू सांग."

ढोल मधेच थांबले होते. पुढची जोडी जुंपत होते. दुर्गाबाईंनी कमरेचा पदर आणखी आवळून खोचला.

"रेंज हाय हितं," त्या म्हणाल्या. "समद्यांचे फोन वाजत्यात, ऐक की. बॅटरी बी भरल्याली हाय. मोशीच्या चौकात गाडी सुटली, तवाच मी बटान दाबलं. म्या माज्या हातानं बंद केला."

"का गं?"

"का म्हंजी? कुनी किल्ली आनली, ठिव. कुनी खोकी आनली, ठिव. त्या बार्शीवालीला बी ठिव. तुज्या बापानं म्हनावं ठिव, तू लिवावंस ठिव. आन मी येड्यावानी बरं, बरं, बरं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की धुरळा गेला, कळेना, त्या हसत होत्या एवढं खरं. "मला न्हाई ठिवून घ्यायचं कुनाचं काई. न्हाई म्हंजी न्हाई. लिव तसंच. लगीन होऊन त्या घरात आले ना, तवापास्नं तेवढं येकच म्हनायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं."